माळ्यावरचा कुकर खाली काढण्याआधी

बकरी ईद जवळ आली की घराघरांतल्या माळ्यावरून मोठी भांडी खाली येतात. देग, परात, मोठी चाळण, सुऱ्या आणि त्यांच्यासोबत तो जुना दहा-बारा लिटरचा कुकर. कुणाचा अम्मीच्या जहेजमधला, कुणाचा मोठ्या जावेकडून आलेला, कुणी मुंबईच्या चोर बाजारातून नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारातून घासाघीस करून आणलेला. वर्षभर तो धूळ खात पडून असतो आणि ईदच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ चुलीवर चढतो. पाये शिजवायचे असतात, यखनी काढायची असते, नहारीचे मोठे तुकडे मऊ करायचे असतात. घर पाहुण्यांनी भरलेले असते, लहान मुले पायांत घोटाळत असतात. म्हणजे ज्या भांड्याकडे वर्षभर कुणी पाहिलेले नाही, तेच भांडे सर्वांत गर्दीच्या दिवशी, सर्वांत जास्त भरून, सर्वांत मोठ्या आचेवर ठेवले जाते.

या महिन्यात आम्ही याच जुन्या कुकरविषयी लिहीत आहोत. जुना कुकर भंगारात टाका, असे आम्ही म्हणणार नाही. चांगल्या जाडीचा, नीट जपलेला कुकर वर्षानुवर्षे काम देतो आणि चांगली वस्तू फेकून देण्यात काही शहाणपण नाही. पण तो खरोखर नीट आहे की नाही, हे पाहण्याची एक रीत आहे. ती घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी.

आत काय चालते?

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याच्या वर तापत नाही. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी तर ते सुमारे ९५ अंशांनाच उकळू लागते, म्हणून तिथे डाळ शिजायला वेळ लागतो. कुकरचे झाकण घट्ट बसले की वाफ आत कोंडते, दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. दोन-तीन तास घेणारे पाये त्यामुळे बरेच लवकर शिजतात.

गंमत म्हणजे या भांड्याचा जन्मच हाडांसाठी झाला. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे असे भांडे दाखवले आणि १६८१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. हाडे मऊ करणारे यंत्र, असेच त्याने त्याचे वर्णन केले होते. म्हणजे आपले पाये म्हणजे कुकरचे सर्वांत जुने काम. पण पापँने आणखी एक गोष्ट केली. कोंडलेली वाफ भांडे फोडू शकते हे ओळखून त्याने भांड्याला वजन लावलेली झडप बसवली. दाब वाढला की झडप उचलली जाई आणि वाफ बाहेर पडे. आज आपण जिला शिट्टी म्हणतो, ती याच झडपेची वारस आहे.

तो दाब किती असतो, हे एकदा हिशेब करून पाहावे. घरगुती कुकरमध्ये दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलो इतका दाब असतो. वीस सेंटीमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटीमीटर भरते. म्हणजे झाकणाला आतून ३०० किलोपेक्षा जास्त जोराचा धक्का बसत असतो. पन्नास किलोची सहा पोती एकावर एक रचली तर जितके वजन होईल, तितके. मोठ्या कुकरचे झाकण रुंद, त्यामुळे तिथे हा आकडा आणखी वाढतो. सातवी-आठवीच्या मुलांकडून हा हिशेब फळ्यावर करून घेतला की वर्ग शांत होतो. घरीही तो एकदा सर्वांना सांगावा.

हा धक्का आवरण्यासाठी कुकरला तीन पहारेकरी दिलेले असतात. पहिली शिट्टी. ठरलेल्या दाबाला ती उचलली जाते आणि जादा वाफ सोडते. दुसरा सेफ्टी व्हॉल्व्ह, झाकणावर बटणासारखा दिसणारा. त्यात कमी उष्णतेला वितळणारा मिश्रधातू भरलेला असतो. वाफेची नळी तुंबली किंवा आतले पाणी आटले, तर उष्णता वाढून तो वितळतो आणि वाफेला वाट मिळते. तिसरे रबराचे गॅस्केट. बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या अनेक कुकरना कडेला एक लांबट खाच असते. दाब फारच वाढला तर गॅस्केट त्या खाचेतून बाहेर ढकलले जाते आणि वाफ निघून जाते. असे घडले तर पुष्कळ जण गॅस्केट बोटाने आत दाबून पुन्हा कुकर चढवतात. तसे कधीही करू नये. ती पहारेकऱ्याने मारलेली हाक आहे. वाट कुठे तुंबली आहे, ते आधी शोधावे.

जुना कुकर हातात घेतल्यावर

बाजारात किंवा नातेवाइकांकडे जुना कुकर पाहताना चकाकी पाहू नये. घासून-पुसून कोणतेही भांडे चमकते. पाहायचे ते पुढीलप्रमाणे.

सर्वांत आधी तळ. कुकर सपाट फरशीवर ठेवावा आणि हलवून पाहावा. तो डोलत असेल, तळ बाहेर फुगलेला असेल, तर तो कुकर कधीतरी कोरडा तापला आहे किंवा त्याने प्रमाणाबाहेर दाब सोसला आहे. असा कुकर घेऊ नये. घरात असला तर भंगारात द्यावा.

मग कड. कुकर उलटा करून तोंडावर फरशीवर टेकवावा. कुठे फट दिसते का, ते पाहावे. फीतपट्टीने तोंडाचा व्यास दोन बाजूंनी मोजावा. दोन्ही मापे सारखी यायला हवीत. पडून-आपटून तोंड लंबगोल झालेले असेल तर झाकण सगळीकडे सारखे बसत नाही. झाकण आणि भांडे ज्या दातांनी एकमेकांत अडकतात, ते दात झिजलेले किंवा वाकलेले असतील तर पुढचे काही पाहण्याची गरजच नाही. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर असेल तर झाकणावरची दांडी आणि तिचा आकडा सैल झालेला नाही ना, ते पाहावे.

आतली बाजू उजेडात धरून पाहावी. ॲल्युमिनियमला आतून काळपटपणा येतो. त्याने काही बिघडत नाही. पाण्यात लिंबाच्या साली किंवा थोडी चिंच टाकून उकळले की तो निघतो. पण सुईने टोचल्यासारखे खोल खड्डे दिसत असतील, तर धातू तिथे खाल्ला गेला आहे. चिंचेची आमटी, टोमॅटोचा रस्सा रात्रभर कुकरमध्येच ठेवण्याच्या सवयीने असे होते. ॲल्युमिनियमचा कुकर धुण्याच्या सोड्यानेही घासू नये. सोडा धातूला खातो.

डाग देऊन बुजवलेले भोक, वेल्डिंगचा ठिगळ, एम-सीलने चिकटवलेला व्हॉल्व्ह यांपैकी काहीही दिसले तर भाव कितीही कमी असो, हात जोडावेत आणि पुढे जावे. बादलीला डाग चालतो, कुकरला चालत नाही. बादलीतल्या पाण्याला बाहेर पडायची घाई नसते.

शेवटी कंपनीचे नाव आणि आयएसआय चिन्ह. घरगुती प्रेशर कुकरसाठी भारतीय मानक आहे आयएस २३४७. केंद्र सरकारच्या आदेशाने १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे. चिन्हासोबत सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तो टाकला की परवाना खरा की खोटा, ते कळते. कुकर इतका जुना असेल की त्यावर ना नाव आहे ना चिन्ह, तर त्याचे सुटे भाग कोणते बसतील हेच समजणार नाही. असा कुकर पातेले म्हणून वापरावा. झाकण मात्र भंगारात जाऊ द्यावे, म्हणजे कुणाला मोह होणार नाही.

काय बदलायचे

भांडे या तपासणीतून पास झाले, तर तीन वस्तू न विचारता नव्या आणाव्यात. गॅस्केट, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि झिजलेली असेल तर शिट्टी. जुन्या मालकाने "कालच बदललंय" असे सांगितले तरीही. रबर नुसते पडून राहिले तरी कडक होते. गॅस्केट बोटात धरून वाकवावे. बारीक चिरा दिसल्या किंवा ते हातात ताठ लागले, तर त्याचे आयुष्य संपले आहे. रोजच्या वापरातले गॅस्केट साधारण वर्षभराने बदलावे. सैल झालेले गॅस्केट फ्रीजरमध्ये ठेवून पुन्हा बसवण्याची युक्ती बहुतेक घरांत ठाऊक आहे. त्याने एक वेळ भागते, पण ती दुरुस्ती नव्हे. ज्या दिवशी ही युक्ती करावी लागली, त्याच दिवशी नव्या गॅस्केटची चिठ्ठी लिहावी.

सुटे भाग त्याच कंपनीचे आणि त्याच मापाचे घ्यावेत. प्रेस्टीजचे गॅस्केट हॉकिन्सला बसत नाही. तीच गोष्ट शिट्टीची. तिचे वजन ठरलेले असते. दुसऱ्या कुकरची जड शिट्टी लावली तर आतला दाब वाढेल आणि बाहेरून काहीच कळणार नाही. दुकानात जाताना झाकण सोबत न्यावे, निदान कंपनीचे नाव आणि लिटर कागदावर लिहून न्यावे. नुसते "मोठ्या कुकरचं गॅस्केट द्या" म्हटले की दुकानदार अंदाजाने काढून देतो.

सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी बोल्ट ठोकणे, त्यावर पैसा ठेवून डाग मारणे हे प्रकार अजूनही दिसतात. व्हॉल्व्ह एकदा उडाला की तो पुन्हा वापरायचा नसतो, नवाच बसवायचा असतो. आणि तो का उडाला, हेही शोधायचे असते. तसेच गळणाऱ्या कडेला कणीक लावू नये. दमाच्या देगचीला कणीक लावतात, ते वेगळे. तिथे झाकण नुसते टेकलेले असते, वाफ वाढली तर कणीक फुटते आणि वाट होते. कुकरचे झाकण अडकवलेले असते. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत, त्यांची सरमिसळ करू नये.

हँडलचे स्क्रू आवळून घ्यावेत. तडकलेले हँडल बदलावे. भरलेला दहा लिटरचा कुकर उचलताना हँडल निखळले, तर दाब नसतानाही पाय भाजतात.

पाण्याची परीक्षा

आता कुकरला अन्नाच्या आधी पाण्यावर तपासावे. घरात गर्दी नसताना, मुले बाहेर असताना. झाकण उजेडाकडे धरून वाफेच्या नळीतून पलीकडचे दिसते का, ते आधी पाहावे. दिसत नसेल तर बारीक तारेने नळी साफ करून पाण्याखाली धरावी. मग कुकरमध्ये दोन-तीन ग्लास पाणी घ्यावे, झाकण लावावे आणि आच मोठी करावी. बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरमध्ये नळीतून वाफेची सरळ धार येऊ लागली की मगच शिट्टी ठेवावी. त्यामुळे आतली हवा निघून जाते आणि नळी मोकळी असल्याची खात्रीही होते.

त्यानंतर दोन पावले मागे उभे राहून पाहावे. कडेतून वाफ फुसफुसते का? सेफ्टी व्हॉल्व्हभोवती थेंब जमतात का? शिट्टी मोकळेपणाने उचलली जाते की नुसती थरथरते? तीन-चार शिट्ट्या नीट झाल्या की गॅस बंद करावा आणि दाब आपोआप उतरू द्यावा. वाफ धरली आहे, पण दहा मिनिटे झाली तरी शिट्टी झाली नाही, तर परीक्षा तिथेच थांबवावी. गॅस बंद करून कुकर पूर्ण गार होऊ द्यावा आणि मग कारण शोधावे.

भरताना आणि उघडताना

कुकर कधीही काठोकाठ भरू नये. गोश्त, भाज्या यांसाठी दोन तृतीयांश ही मर्यादा. भात, डाळ, हलीमचे गहू-डाळ असे फुगणारे आणि फेसाळणारे काही असेल तर निम्मा. डाळीचे साल किंवा फेस नळीत अडकतो आणि वाट बंद होते. ईदच्या दिवशी "एकाच वेळी सगळं होऊन जाऊ दे" म्हणून जे ठासून भरले जाते, तेच सर्वांत धोक्याचे. दोन वेळा चढवावे लागले तर अर्धा तास जास्त जाईल, एवढेच.

पाये आणि यखनीला आधी झाकण न लावता उकळी आणावी, वर आलेला फेस चमच्याने काढून टाकावा आणि मग झाकण लावावे. नहारीला लावायचे पीठ कुकर उघडल्यानंतर घालावे. दाट रस्सा तळाला लागतो, पाणी वर येत नाही आणि कुकर कोरडा पडल्यासारखाच तापतो. पहिली शिट्टी झाली की आच मंद करावी आणि पुढे शिट्ट्या मोजण्याऐवजी घड्याळाची मिनिटे मोजावीत. मोठ्या आचेवर दहा शिट्ट्या काढल्याने गोश्त लवकर शिजत नाही, गॅस मात्र जास्त जळतो आणि पाणी लवकर आटते.

उघडण्याची वेळ ही खरी परीक्षेची. दाब उतरल्याची खूण एकच. शिट्टी हलकेच उचलली तरी वाफ येत नाही आणि झाकण बोटांच्या साध्या जोराने फिरते. जोर लावावा लागतो आहे, याचा अर्थ आत अजून दाब आहे. आतून बसणारे झाकण दाब असेपर्यंत उघडतच नाही. बाहेरून बसणारे मात्र दांडगाईने फिरवता येते, आणि अपघात होतो तो तिथेच. पाहुणे ताटावर बसले असतील तर त्यांना पाच मिनिटे बसू द्यावे.

गोश्त बाटलीत भरून ठेवता येईल का?

कुर्बानीच्या गोश्ताविषयी एक प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणारे आपले नातेवाईक सांगतात की तिकडे लोक शिजवलेले मांस काचेच्या बरण्यांत भरून महिनोन्‌महिने फ्रिजबाहेर ठेवतात. मग आपल्या मोठ्या कुकरमध्ये बरण्या ठेवून तसे करता येईल का?

नाही. आणि याचे कारण नीट समजून घ्यायला हवे. तिकडे त्यासाठी प्रेशर कॅनर नावाचे वेगळे भांडे असते. दिसायला ते आपल्या मोठ्या कुकरसारखेच, पण त्याला दाब दाखवणारी तबकडी किंवा ठरलेल्या वजनांची झडप असते. मांस, डाळ, भाज्या यांत आंबटपणा कमी असतो. अशा अन्नात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू उरले, तर हवाबंद बरणीत ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष माणसाला लुळे करते, श्वासही बंद पाडू शकते. अन्नाला वास येईल, चव बदलेल, असा भरवसा नसतो. साध्या उकळत्या पाण्यात हे बीजाणू मरत नाहीत. त्यांना जास्त तापमान आणि मोजून ठरवलेला वेळ लागतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने हे वेळ ठरवून दिले आहेत. मांसाच्या तुकड्यांच्या सुमारे अर्ध्या लिटरच्या बरणीला ७५ मिनिटे, सुमारे एक लिटरच्या बरणीला ९० मिनिटे. त्याआधी दहा मिनिटे नुसती वाफ सोडून आतली हवा घालवायची. वजनाची झडप असेल तर समुद्रसपाटीपासून हजार फुटांपर्यंत १० पौंड दाब, त्याहून उंच ठिकाणी १५ पौंड.

हे वेळ कॅनरसारखे मोठे भांडे सावकाश तापते आणि सावकाश निवते, हे धरून ठरवलेले आहेत. आपला कुकर लवकर तापतो, लवकर निवतो आणि त्यावर दाब दाखवणारे काहीच नसते. म्हणून तेच आकडे कुकरला लावता येत नाहीत. शिट्ट्या मोजून तर मुळीच नाही.

कुणी परदेशातून येताना जुना कॅनर सोबत आणला असेल, तर त्यालाही वर सांगितलेली सारी तपासणी लागू आहे, आणि थोडी जास्तच. १९७० च्या आधीचे कॅनर जाड भिंतीचे आणि झाकण आवळून बसवण्याचे असतात. गॅस्केट आणि सेफ्टी प्लग बदलावेच लागतात, आणि तबकडी दरवर्षी तपासून घ्यावी, असा तिकडचा नियम आहे. तबकडी चुकीचा दाब दाखवत असेल तर भांडे फुटणार नाही, पण अन्न कच्चे राहील आणि ते कुणाला दिसणार नाही. पुणे, नाशिक, संभाजीनगर ही सारी शहरे हजार फुटांच्या वर आहेत, हेही लक्षात ठेवावे. तबकडी तपासून मिळण्याची सोय नसेल तर तो कॅनर मोठे पातेले म्हणून वापरावा. गोश्तासाठी आपला फ्रीजर बरा. एका वेळेला लागेल तेवढ्या लहान पिशव्या करून, सपाट पसरून गोठवाव्यात. आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे वाटून टाकणे. कुर्बानीचा गोश्त साठवण्यासाठी कमी आणि पोचवण्यासाठी जास्त असतो.

चुलीपाशी कोण उभे असते?

आता शेवटची आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आमच्या वर्गातली एक मुलगी ईदच्या सुट्टीनंतर उजव्या हाताला पट्टी बांधून आली. शिट्टी होत नव्हती म्हणून घरातल्या मोठ्यांनी तिला सांगितले, "जा गं, चमच्यानं शिट्टी उचलून बघ." ती गेली. मुलगी बचावली, पण सहामाही परीक्षेत तिचे पेपर दुसऱ्या मुलीने लिहिले. त्या घरातल्या कुकरचे गॅस्केट कधी बदलले होते, हे घरात कुणालाच सांगता आले नाही. सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी स्क्रू होता.

ही गोष्ट गरिबीची नाही. त्या घरात दोन चांगले मोबाइल होते, दोघांनाही नवे कव्हर होते. गॅस्केट दोनशे रुपयांच्या आत-बाहेर मिळते, सेफ्टी व्हॉल्व्ह त्याहून स्वस्तात. अडचण अशी की चुलीपाशी जी उभी असते, तिच्या हातात पैसे नसतात, आणि ज्याच्या हातात पैसे असतात तो चुलीपाशी उभा नसतो. सून नवी असते, ती बोलत नाही. सासूला वाटते, इतकी वर्षे चालले, आत्ताच काय झाले. काम करायला येणारी बाई तर बोलणारच नाही. म्हणून ही तपासणी घरातल्या कमावत्या माणसाने स्वतः, हाताने करावी, असे आमचे सांगणे आहे. ईदच्या आठ दिवस आधी सुऱ्यांना धार लावायला बाहेर पडतो, तेव्हाच कुकरचे झाकण पिशवीत घालावे.

आणि मुलांना, मुलींना आणि मुलग्यांनाही, एवढे तरी पाठ करवून घ्यावे. शिट्टी झाली नाही, कडेतून वाफ आली, गॅस्केट बाहेर डोकावले, तर गॅसचे बटण बंद करायचे आणि लांब व्हायचे. शिट्टीला हात लावायचा नाही, झाकणाला हात लावायचा नाही, मोठ्यांना हाक मारायची. बटणापर्यंत हात पोचत नसेल किंवा वाफ बटणाच्या बाजूने येत असेल तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा. तेही जमत नसेल तर नुसते बाहेर पडायचे.

तरीही कुणाला भाजलेच तर भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. अंगठ्या, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ यांतले काहीही लावू नये. स्वच्छ सुती कापडाने हलके झाकावे. चेहरा, हात किंवा सांध्यावर भाजले असेल, किंवा जखम तळहातापेक्षा मोठी असेल, तर घरी वाट न पाहता दवाखाना गाठावा.

जुना कुकर कुणाला देण्याविषयीही एक शब्द. नवा कुकर घरात आला की जुना कामवाल्या बाईला किंवा गरजू कुटुंबाला द्यावा, असे आपल्या मनात येते, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण देण्याआधी त्यात नवे गॅस्केट आणि नवा व्हॉल्व्ह घालून, पाण्याची परीक्षा आपल्या चुलीवर करून मग द्यावा. ज्या कुकरजवळ आपण आपल्या मुलीला उभे करणार नाही, तो दुसऱ्याच्या मुलीसाठी देणे हे दान नव्हे, आपल्या घरातला धोका दुसऱ्याच्या घरी पोचवणे आहे. विकतानाही तेच. तळ फुगला आहे, व्हॉल्व्ह उडाला आहे, हे माहीत असून घासून चमकवलेला कुकर विकणारा चार पैसे मिळवतो, पण ते हलालाचे म्हणता येत नाहीत.

ईदला अजून दिवस आहेत. माळ्यावर चढावे, कुकर खाली काढावा, आणि एका संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तो पाहावा. फरशीवर डोलतो का, नळीतून उजेड दिसतो का, रबर वाकते का. अर्ध्या तासाचे काम आहे. मग पाये निवांत शिजतील.